दहा किलो डाळ

होळीची ऑर्डर, पुण्याबाहेरचं फार्महाऊस, दोनशे पानं. म्हणजे चारशे पोळ्या आणि दहा किलो हरभऱ्याची डाळ. केटरिंगमध्ये माझी 22 वर्षं झाली, पण त्या सकाळचा विचार अजून डोक्यातून जात नाही.

नवीन आचारी डिप्लोमावाला. हात स्वच्छ, वजनं चोख, पन्नास पदार्थ तोंडपाठ. डाळ रात्री भिजवून सहाला चढवली. आठ वाजले तरी डाळ बोटानं चेपली जाईना. वरून फुटलेली, आत कणी तशीच. मीही गॅस वाढवण्यापलीकडे काही केलं नाही. शेवटी तो म्हणाला, "गूळ घालून टाकू, गुळात शिजेल."

पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी कणीक तिंबत होत्या. तिथूनच ओरडल्या, "गूळ नका घालू! पडला की डाळ जन्मात शिजायची नाही." उठून आल्या. पातेल्याच्या कडेचा पांढरा थर नखानं खरवडला, नळाचं पाणी जिभेवर घेतलं. "बोअरचं आहे. जड पाणी."

खरंच होतं. जड पाण्यातल्या कॅल्शियमनं डाळ आतून आवळून बसते, आणि शिजण्याआधी गूळ पडला तर आणखीच. मला हे वाचून माहीत होतं, पण समोर दिसत असून सुचलं नाही.

मावशींनी सगळं पाणी ओतून दिलं, प्यायच्या पाण्याचे दोन जार उकळून घातले, अगदी थोडा सोडा टाकला, झाकण लावलं. पाऊण तासात डाळ मऊ. कट निथळून आमटीला काढला, मग बरोबरीनं गूळ, आणि उलथणं उभं राहीपर्यंत ढवळणं. पुरण गरम असतानाच यंत्रातून काढलं. एकही पोळी फुटली नाही.

त्या आचाऱ्याला मी मावशींच्या दुप्पट रोज देतो. त्याच्यात खोट नाही. पदार्थ मोजून माणूस ठेवायची आमच्या धंद्याची रीतच खोटी आहे. गिऱ्हाईकही मेनूची लांबी बघतं. मावशींना सात वर्षांत मी पोळ्यांखेरीज काही विचारलंच नव्हतं.

परतताना टेम्पोत म्हटलं, "पुढच्या ऑर्डरला मुख्य आचारी तुम्ही. रोजही त्या आचाऱ्याइतकाच."

"रोज वाढवा," त्या म्हणाल्या. "पण मी गॅसपाशी उभी राहिले तर पोळ्या कोण लाटणार?"

गुढीपाडव्याची ऑर्डर आली आहे. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.