'यात साहेब कुठी हाय?'

फेब्रुवारी २०२३ मधली दुपार. नागपुरात महाल भागातल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात एक कार्यकर्ता आला आणि मोबाइल पुढे धरला. भूकंपात सापडलेल्या तुर्कस्तानातली एक बाई भारतीय लष्कराच्या डॉक्टरणीला बिलगून तिच्या गालाचा पापा घेतेय. "भाऊ, हेच पायजे. दहा बाय वीस. आजच लावाचं हाय."

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो एवढ्या साइझला फाटतो, म्हणून लष्कराच्या ट्विटरवरून उतरवला. खाली 'वुई केअर' एवढे दोनच शब्द. इतकी वर्षं लोकांचं मॅटर लिहितोय, पण हे मला सुचलं नसतं. जाहिरात तीही होतीच, म्हणा.

शेजारचे निवृत्त सुभेदार चहाला बसले होते. फोटो बघून सरसावले. "ही साठ पॅरा फील्ड हॉस्पिटल! १९५० मध्ये कोरियाच्या लढाईत हीच युनिट गेली होती, जखमींसाठी. आता इस्केंदेरुनला तीस खाटा टाकल्या." ६ तारखेच्या ७.८ च्या भूकंपानंतर सी-१७ विमानांतून हे सगळं तिकडे पोचलं होतं.

प्रूफ दाखवलं. कार्यकर्ता म्हणाला, "यात साहेब कुठी हाय?"

आमच्याकडे प्रत्येक नेत्याचे दोन फोल्डर असतात, पक्ष कोणताही असो. 'जोश'मध्ये बोट रोखलेले, गॉगल लावलेले, मागे नाक वर केलेलं लढाऊ विमान. 'सेवा'मध्ये हात जोडलेले, जरा वाकलेले. इथे फसगत अशी, की फोटोत वर्दीही होती आणि मिठीही. हात जोडलेला कटआउट लावला तर साहेब त्या बाईची माफी मागताहेत असं वाटे. बोटवाला लावला तर तिलाच दटावताहेत!

शेवटी हात हलवणारा सापडला. "अजून मोठा करा ना भाऊ." केला. मग खाली अकरा जणांची पट्टी आली, त्यात हा स्वतः तिसरा. दोघी सरकत सरकत डाव्या कोपऱ्यात दोन फुटांच्या झाल्या. डॉक्टरणीचा अर्धा खांदा कमळाबिमळाच्या नव्हे, झेंडूच्या हाराखाली गेला.

सुभेदार काही बोलले नाहीत. कप ठेवून उठले.

रात्री साडेनऊला आयलेट, म्हणजे बांधायच्या कड्या, ठोकून माल दिला. निम्मे पैसे रोख मिळाले, निम्मे अजून यायचेत.