मांगावाल्यांची मतपेढी

जपानच्या संसदेत एक मांगाकार, म्हणजे मांगा ही जपानी चित्रकथा काढणारा, खासदार आहे म्हटलं की भारतातले मित्र लगेच विचारतात, "म्हणजे आपल्याकडे नट निवडून येतात तसंच ना?" नटाला लोक चेहरा बघून मत देतात. या मांगाकाराचा, केन आकामात्सु यांचा चेहरा निवडणुकीआधी किती जणांना ठाऊक होता, कोण जाणे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'लव्ह हिना' ही त्यांची मांगा-मालिका तुफान चालली आणि तेव्हाची पोरं आज चाळिशीला आलीत, हे खरं. पण नुसत्या जुन्या प्रेमावर ५ लाख २८ हजार मतं पडत नाहीत. २०२२ च्या जुलैत वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली, तेव्हा सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या यादीत सगळ्यात जास्त वैयक्तिक मतं या गृहस्थांना होती. पोस्टमास्तरांच्या संघटनेची मतपेढी इथे पिढ्यान् पिढ्या पक्की मानली जाते. तिचा उमेदवारही त्यांच्या मागे राहिला.

हे जमलं कसं, यातच सगळी गंमत आहे. वरिष्ठ सभागृहाच्या काही जागा देशभराची मिळून एकच मतदारसंघ धरून भरतात. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव लिहा, नाही तर त्या पक्षाच्या यादीतल्या माणसाचं. पक्षाला किती जागा मिळणार ते एकूण मतांवर ठरतं, आणि त्या जागांवर कोण बसणार ते मुख्यतः वैयक्तिक मतांवर. आता मांगाचे वाचक होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत विखुरलेले. एका गावात त्यांच्या जोरावर सरपंचही निवडून येणार नाही. पण देशभरची मतं एकाच टोपलीत पडली की चित्र पालटतं.

हे गणित पहिल्यांदा मांडून दाखवलं तारो यामादा यांनी. २०१६ मध्ये ते एका लहानशा पक्षातून उभे राहिले. भर सगळा एकाच मुद्द्यावर: मांगा, अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) आणि गेम यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर. मतं पडली २ लाख ९० हजारांच्या आसपास, आणि तरी ते हरले, कारण पक्षालाच एकही जागा मिळाली नाही. मोठ्या पक्षांनी मात्र तो आकडा बरोबर टिपला. २०१९ मध्ये यामादा लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभे राहिले आणि ५ लाख ४० हजार मतं घेऊन आत गेले. तीन वर्षांनी त्याच वाटेनं आकामात्सु.

मला इथे जपानात मत नाही. परदेशी माणूस कर भरतो आणि उमेदवारांच्या फलकासमोरून रोज जातो-येतो, एवढाच त्याचा सहभाग. त्यामुळे हे सगळं मी बाहेरून पाहतो. पण वाचक म्हणून त्यात पुरता गुंतलोय, हेही कबूल.

मुळात हे वाचक एवढे चिडले का होते, हे समजायला २०१० मध्ये जावं लागतं. तोक्योच्या महानगर सरकारनं तरुणांच्या 'निकोप वाढी'साठीचा स्थानिक कायदा दुरुस्त करायला घेतला. पहिल्या मसुद्यात 'अस्तित्वात नसलेले तरुण' असा एक प्रकार होता. म्हणजे कागदावर काढलेलं पात्र अठराच्या खालचं वाटलं, तर त्याच्या लैंगिक चित्रणावरही निर्बंध. चित्राचं वय कोण ठरवणार? जन्मदाखला कुठून आणणार? तेत्सुया चिबा, केइको ताकेमिया यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळी पत्रकार परिषदेत येऊन बसली. जूनमध्ये तो मसुदा पडला, पण सुधारलेला मसुदा डिसेंबरात मंजूर झाला. तोक्योचे तेव्हाचे राज्यपाल शिंतारो इशिहारा स्वतः कादंबरीकार. पन्नासच्या दशकात त्यांच्या पहिल्या गाजलेल्या कादंबरीवर 'पोरं बिघडवणारी' म्हणून ओरड झाली होती! माणूस खुर्चीत बसला की स्वतःची पुस्तकंसुद्धा विसरतो.

मोठ्या प्रकाशकांनी तोक्योच्या सरकारी अॅनिमे मेळ्यावर बहिष्कार टाकला आणि स्वतःचा वेगळा मेळा जाहीर केला. मार्च २०११ च्या भूकंपानं दोन्ही मेळे रद्द झाले. पुढे ते एकत्र होऊन २०१४ पासून 'अॅनिमेजपान' भरू लागलं. भांडण मिटलं, पण सरकारकडे संशयानं पाहायची सवय वाचकांना कायमची लागली.

सरकार नेहमी विरोधातच असतं असंही नाही; कधीकधी प्रेमाची पंचाईत होते. २००८ मध्ये तारो आसो पंतप्रधान झाले. हे मांगाचे जाहीर भक्त, तोक्योच्या अकिहाबारात, म्हणजे मांगा-अॅनिमेवाल्यांच्या पेठेत, भाषणं करून टाळ्या घेणारे. त्यांच्या सरकारनं मांगा-अॅनिमेसाठी ११७० कोटी येनचं राष्ट्रीय केंद्र उभारायचं ठरवलं. विरोधकांनी त्याला 'सरकारी मांगा कॅफे' म्हणून असं झोडपलं, की २००९ मध्ये सत्ता बदलताच ते गुंडाळलं गेलं. तेव्हा हसले ते सगळे आता गप्प आहेत. सध्याचं धोरण २०३३ पर्यंत मांगा, अॅनिमे, गेम वगैरेंची परदेशातली विक्री २० लाख कोटी येनवर न्यायची म्हणतं. २०२२ मध्येच ती ४ लाख ७० हजार कोटी होती, म्हणजे जवळजवळ सेमीकंडक्टरच्या निर्यातीएवढी.

ज्या गोष्टीसाठी लोक मतं देतात ती प्रत्यक्षात दिसते कशी, हे पाहायचं तर कॉमिकेतला, म्हणजे हौशी गटांनी स्वतः काढलेल्या पुस्तकांच्या बाजाराला, जायला हवं. १९७५ च्या डिसेंबरात ३२ गट आणि ७०० लोकांनिशी हा बाजार सुरू झाला. आता तो ऑगस्ट आणि डिसेंबरात, तोक्योच्या आरिआके भागातल्या बिग साइट या प्रदर्शन-केंद्रात भरतो आणि दोन दिवसांत अडीच-तीन लाख लोक येतात. (येणार असाल तर आधी प्रवेशाचा मनगटी पट्टा विकत घ्या आणि खिसाभर शंभर-पाचशेची नाणी ठेवा. दहा हजारांची नोट पुढे केलीत तर समोरच्याचा चेहरा पडतो.)

प्रत्येक गटाला मिळतं अर्धं टेबल. त्यावर एक कापड, पुस्तकांची चळत, किमतीची हातानं लिहिलेली पाटी, सुट्ट्या पैशांचा डबा. चळतीच्या वर एक प्रत 'नमुना' असं चिकटवून ठेवलेली. तुम्ही जवळ जाऊन "बघू का?" विचारायचं, दोन्ही हातांनी उचलायची, उभ्या उभ्या चाळायची आणि नको असेल तर थोडं वाकून परत ठेवायची. समोर बसलेली बाई त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघते. ती नजर फिरवणं मला फार आवडतं. तुम्ही तिची सहा महिन्यांची मेहनत तिच्यासमोर चाळत असता आणि ती तुम्हाला मोकळं सोडते. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव, तारीख, गटाचं नाव असतं. विक्री सुरू व्हायच्या आधी एक प्रत संयोजकांना द्यावी लागते. झाकायला हवं ते नीट झाकलंय ना, हे स्वयंसेवक तपासतात, कारण अश्लीलतेचा कायदा इथे अजून जिवंत आहे.

यातली बरीच पुस्तकं दुसऱ्याच्या मालिकेतली पात्रं घेऊन केलेली असतात. कायद्याच्या काटेकोर नजरेनं पाहिलं तर हे कॉपीराइटचं उल्लंघनच. चालतं, कारण मूळ लेखक आणि प्रकाशक तक्रार करत नाहीत. आज अर्ध्या टेबलाशी बसलेली मुलगी उद्या त्यांचीच लेखिका होणार असते, हे त्यांनाही ठाऊक आहे. पॅसिफिक भागीदारी या अनेक देशांच्या व्यापार-कराराच्या वाटाघाटीत जेव्हा 'तक्रार नसतानाही खटला भरता येईल' असं कलम पुढे आलं, तेव्हा कॉमिकेतवाल्यांच्या पोटात गोळा आला. आकामात्सु तेव्हा खासदार नव्हते, पण या विषयावर आघाडीवर तेच होते. अखेर कायद्यात अशी तजवीज झाली की मूळ पुस्तक जसंच्या तसं छापून विकणारा चोर सापडेल, आणि फॅननं काढलेलं पुस्तक सुटेल. नवा कायदा लागू झाला ३० डिसेंबर २०१८ ला, म्हणजे त्या हिवाळी कॉमिकेतच्या ऐन मधल्या दिवशी. फॅन मंडळींच्या राजकारणाला सगळ्यात चांगलं यश कुठे आलं म्हणाल, तर माझ्या मते इथे.

पण अलीकडे कात्री ज्या हातात आहे, त्या हाताला मत देता येत नाही.

गेल्या काही वर्षांत फॅन-पुस्तकं आणि प्रौढांसाठीचा मांगा विकणाऱ्या एकेका जपानी साइटवर व्हिसासारख्या परदेशी कंपन्यांची कार्डं चालेनाशी झाली. कायदा बदलला नाही, बंदीचा हुकूम निघाला नाही. पैसे भरायच्या पानावरून कार्डाचं चिन्ह तेवढं नाहीसं झालं. माझंही असंच झालं. एका दुकानाच्या साइटवर पुस्तक निवडलं, कार्ड नाकारलं गेलं. पुस्तक तसं अगदी सोवळं होतं, दोन आजोबा आणि एका मांजराची गोष्ट, पण दुकानावरच फुली असली की पुस्तक कुठलं हे कोण बघतो? मग फोनवर आलेला लांबलचक नंबर घेऊन कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात, गेलो, तिथल्या यंत्रात तो बडवला, निघालेली चिठ्ठी काउंटरवर दिली, रोख मोजली. मला ते परवडलं, कारण कोंबिनी दोन मिनिटांवर आहे. भारतातून मागवणाऱ्यानं काय करावं?

हा प्रश्न हौशी लोकांपुरता राहत नाही. २०२४ मध्ये जपानची मांगाची बाजारपेठ पहिल्यांदाच ७० हजार कोटी येनच्या पुढे गेली आणि त्यातले ५१ हजार कोटींहून जास्त डिजिटलचे. दुकान जेवढं पडद्यावर गेलं, तेवढी पैसे भरायच्या खिडकीवाल्याची सत्ता वाढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'मांगा लायब्ररी झेड' ही साइट बंद पडली, कारण पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांनी करार मोडले. ही साइट बाजारातून गेलेली जुनी पुस्तकं लेखकांच्या संमतीनं वाचायला देई आणि उत्पन्न त्यांना पोचवी. ती सुरू करणारा माणूस कोण? केन आकामात्सु. पाच लाख मतं पाठीशी असलेल्या खासदाराला स्वतःचंच रोपटं वाचवता आलं नाही. यामादा तर अमेरिकेत व्हिसा या कार्ड-कंपनीच्या मुख्यालयापर्यंत जाऊन आले. ज्यांनी राज्यपालांना घाम फोडला, त्यांना आता एका खासगी कंपनीच्या दारात विनंती करावी लागते.

आणि आता माझी खरी तक्रार. या मतपेढीनं चित्राची काळजी जेवढी केली, तेवढी चित्र काढणाऱ्याच्या पोटाची केली नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे उपभोग कराची (आपल्या जीएसटीसारख्या विक्रीवरच्या कराची) 'इन्व्हॉइस' पद्धत आली. आधी वर्षाला १ कोटी येनच्या आत विक्री असलेल्यांना हा कर भरावा लागत नसे. आताही सूट कागदावर आहे. पण नोंदणी नसलेल्याकडून काम करून घेतलं तर देणाऱ्याला कराची पूर्ण वजावट मिळत नाही. म्हणजे काम देणारा विचारणार, "नोंदणी आहे का?" नसेल तर पैसे कापा, नाही तर दुसरा माणूस शोधा. मांगात पार्श्वभूमीची घरं, गर्दी, पावसाच्या रेघा काढणारे असिस्टंट असतात. त्यांना पैसे प्रकाशक देत नाही. मुख्य लेखक स्वतःच्या मानधनातून देतो. तेव्हा ही पकड दोन गरीब माणसांच्या मध्येच बसते. वर नोंदणी केली की खरं नाव सरकारी साइटवर येतं. इथे अर्धी दुनिया टोपणनावानं जगते. कित्येकींच्या घरी त्या काय काढतात हे माहीत नसतं. विरोधात पाच लाखांहून जास्त सह्या जमल्या. पद्धत आलीच. आणली कोणी? ज्या पक्षाच्या यादीत फॅन मंडळींनी हौसेनं दोन नावं लिहिली, त्याच पक्षानं.

माझ्या ओळखीची एक असिस्टंट आहे. तिनं २०२२ मध्ये आकामात्सुंचंच नाव लिहिलं होतं आणि त्याचा तिला पस्तावा नाही. "कायद्याचं ते बघतात, चांगलं बघतात," ती म्हणते, "पण माझ्या पानामागे किती मिळतं हे कुणी विचारत नाही." फ्रीलान्सरांच्या संरक्षणाचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये लागू झाला. जून २०२५ मध्ये त्याखालची पहिली ताकीद शोगाकुकान आणि कोबुनशा या दोन प्रकाशकांना मिळाली, तीही कामाच्या अटी लेखी न दिल्याबद्दल. अटी लिहून द्या, एवढी साधी गोष्ट. तिनं ती बातमी मला पाठवली, सोबत फक्त एक टाळीचं चिन्ह.

२०२५ च्या निवडणुकीत यामादा पुन्हा आले, पण मतं चार लाखांच्या खाली घसरली. पक्षाचीच तेव्हा धूळधाण झाली होती, त्यामुळे यातली नाराजी कुणावरची किती, हे वेगळं काढणं अवघड. आकामात्सुंची मुदत २०२८ च्या जुलैत संपते. कॉमिकेत ऑगस्टात, म्हणजे निवडणूक आणि मेळा नेहमीप्रमाणे एका महिन्याच्या अंतरानं. असिस्टंटांच्या मानधनाचे दर हा प्रश्न तोवर कुणी उचलला, तर माझी असिस्टंट मैत्रीण त्याचं नाव लिहील. पक्ष कुठलाही असो, असं तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.