अॅम्बॅसिडरचं हेड: काय विकत घ्यायचं, काय उद्यमनगरात करून घ्यायचं

जुन्या अॅम्बॅसिडरचं हेड (सिलिंडरवर बसणारं, व्हॉल्व्ह असलेलं इंजिनचं झाकण) बांधायला काढलं की बरेच जण आधी सुट्या भागांच्या दुकानात जातात. मी यादी केली ती कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, हेड धुऊन, मोजून झाल्यावरच. पैसे वाचतात ते इथेच.

उतरवण्याआधी पाणी पूर्ण काढा. हेडचे एकूण ११ नट, त्यातले चार रॉकरचे (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेटही धरतात. पाणी तसंच ठेवून नुसता रॉकर सोडला तर हेडची एक बाजू सैल पडते आणि पाणी सिलिंडरमधून थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतं.

पहिली तपासणी तड्याची. २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट मधल्या एकाच पोर्टमध्ये येतात, त्यामुळे हेडचा हा भाग सर्वांत जास्त तापतो. दोन सीटमधली (सीट म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कड) अरुंद पट्टी डाय, म्हणजे तडा दाखवणारा रंग, मारून बघा, मग प्रेशर टेस्ट करा. तडा निघाला तर वेल्डिंगच्या नादी न लागता दुसरं हेड शोधणं बरं. गाडी बंगालात उत्तरपाड्याला बनायची, त्यामुळे कोलकात्याच्या मल्लिक बाजारात जुना माल मिळतो. मागताना ‘बीएमसी, १४८९, पेट्रोल’ असं स्पष्ट सांगा (बीएमसी हा इंजिनाचा मूळ ब्रिटिश मेक, १४८९ म्हणजे सीसी). डिझेल इंजिनही १४८९ सीसीचंच होतं आणि त्याचं गॅसकेट (हेडखालची पट्टी) वेगळं. नंतरच्या १८०० इसुझूचं तर काहीच जुळत नाही.

आता सीट. या हेडला मुळात वेगळी सीट नाही, बिडातच कापलेली आहे. पेट्रोलमधलं शिसं तिच्यावर थर धरून तिला जपायचं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. त्यावर गाडी जोरात पळवली की एक्झॉस्टची सीट झिजून खोल जाते, रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप मिटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणून चारही एक्झॉस्टना कडक धातूच्या सीट रिंगा बसवून घेतल्या. ऑइल इंजिनांच्या हेडवर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलेले हात कोल्हापुरात आहेत, त्याचा खरा फायदा इथे होतो. रिंगेपेक्षा भोक तीन-चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) कमी हवं. खोली मात्र जपून. कटर जरा जास्त उतरला की वॉटर जॅकेट (हेडमधली पाण्याची पोकळी) फुटतं. इनलेट चांगले असतील तर हात लावू नका.

गाईड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळ्या, बिडाचेच, लेथवर करून घेतले. एक्झॉस्टचा गाईड इनलेटपेक्षा लांब असतो, आणि जुना ठोकून काढण्याआधी तो किती वर आहे ते मोजून ठेवा. व्हॉल्व्हचा दांडा सुमारे ८.७ मिमी, इनलेटला दीड ते अडीच, एक्झॉस्टला दोन ते तीन थाऊ ढिलाई. गाईड आधी, सीट नंतर, कारण सीटच्या कटरचा पायलट (मधला दांडा) गाईडमध्येच बसून त्याला सरळ धरतो. क्रम उलटा झाला तर व्हॉल्व्ह कितीही घासा, तपासणीचा निळा रंग लावल्यावर तो सीटवर अर्धाच टेकलेला दिसतो.

व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, गॅसकेट मात्र विकतच घ्या. हेडचे स्टड ३/८ इंची, यूएनएफ (इंची बारीक) आट्यांचे. १० मिमीचा नट जबरदस्तीने चढवला तर आटे गेलेच. गॅसकेटवर इंग्रजीत ‘फ्रंट’ आणि ‘टॉप’ असतं, ते बघूनच ठेवा. फेसिंग, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून काढणं, हेड सरळ होण्यापुरतंच.

गॅप लावताना दोन व्हॉल्व्हच्या नंबरांची बेरीज नऊ धरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला लावा, सातवा उघडा असताना दुसरा. हेड एकदा तापून पूर्ण गार झालं की नट क्रमाने पुन्हा आवळायचे आणि गॅप परत बघायचा.