जबड्याच्या ऑपरेशननंतर सांध्याचं हाड झिजलं, माझा अनुभव

२०२१ मध्ये माझं जबड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी २४ ची. हनुवटी लहानपणापासून आत, त्यामुळे खालचा जबडा कापून पुढे घेतला, प्लेटा स्क्रू बसवले, दीड महिना पेज, वरणाचं पाणी आणि मिक्सरमधून काढलेला मऊ भात. रिझल्ट मस्त होता, खोटं कशाला बोलू.

आठ-नऊ महिन्यांनी ब्लाउजला हूक लावत बसले होते, सवयीने दोरा दातांनी तोडायला गेले तर तुटेचना. आरशात बघितलं तर मागच्या दाढा टेकतायत पण पुढचे दात टेकतच नाहीत, मध्ये फट. दुखत काहीच नव्हतं, फक्त जांभई देताना डाव्या कानापाशी करकर व्हायची. ब्रेसेसवाल्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणे तू रबरं नीट लावत नाहीस. मी रबरं झोपेतसुद्धा लावायचे हो! आईचं म्हणणं, तू सारखी आरशात बघतेस म्हणून तुला तसं वाटतंय. असे चार महिने गेले आणि फट वाढतच गेली.

मग दुसऱ्या एका सर्जनकडे गेले. त्यांनी आधी जुने सगळे एक्स-रे मागितले, ऑपरेशनआधीचा, लगेच नंतरचा आणि आत्ताचा, आणि एकावर एक ठेवून दाखवले. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडलं की जे हलतं ना, ते जबड्याचं वरचं टोक, कॉन्डाइल म्हणतात त्याला. माझं ते झिजून चपटं झालं होतं, डावीकडे जास्त. ते बुटकं झालं की जबडा मागे सरकून खाली फिरतो, दाढा आधी टेकतात आणि पुढे फट पडते. म्हणजे माझ्या दातांचा काही दोषच नव्हता. तरुण मुली, आत गेलेली हनुवटी, जबड्याचा उतार जास्त आणि जबडा बराच पुढे घेतलेला, अशांना हा धोका जास्त असतो म्हणाले. मी सगळ्यातच बसत होते, पण हे आधी कोणी बोललं नव्हतं.

पाळी नियमित येते का असं विचारल्यावर आई चपापलीच, जबड्याचा आणि पाळीचा काय संबंध! पण इस्ट्रोजेन कमी असणं याच्याशी जोडलेलं असू शकतं म्हणे. संधिवात आहे का बघायला रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी पण. ते सोडून बाकी सगळं नॉर्मल, डी मात्र तळाला.

सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन झाला, मग बोन स्कॅन. हातातून टेक्नेशियमचं, म्हणजे थोड्या किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन, तीन तास पाणी पीत बसायचं, मग मशीनखाली न हलता पडायचं, नाक तेव्हाच खाजतं. त्या दिवशी भाचीला जवळ घेऊ नका सांगितलं, ती दाराबाहेर रडतेय आणि मी आत. स्कॅनमध्ये डावी बाजू पेटलेली दिसली, म्हणजे तिथल्या हाडात काहीतरी चालू आहे, पण ऑपरेशननंतर हाड भरून येत असतानाही तसं दिसू शकतं म्हणून नुसत्या एका स्कॅनवर ठरवत नाहीत, ठराविक काळाने तेच एक्स-रे काढून जुळवत राहायचे.

मला वाटलं होतं लगेच परत ऑपरेशन करून टाकतील. तर नाही, झीज चालू असताना केलं तर पुन्हा तेच होणार, म्हणून थांबायचं. रात्री दातांवर प्लास्टिकचं कव्हर म्हणजे स्प्लिंट, सुजेची गोळी काही आठवडे, चिवट काही खायचं नाही, ऊस पेरू बंद, भाकरी दुधात कुस्करून. हे थांबणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं, कारण बाहेरून काहीच दिसत नाही आणि जो तो विचारतो अगं झालं ना तुझं ऑपरेशन.

ज्यांचं व्हायचंय त्यांनी एक करा, ऑपरेशनआधीच्या स्कॅनची कॉपी पेनड्राइव्हवर मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. माझ्याकडे साधे एक्स-रे होते म्हणून निदान तुलना तरी झाली.

शेवटचे दोन एक्स-रे तंतोतंत एकावर एक बसले. फट ३ मिमीवर थांबलीय. पुढचा सीबीसीटी दिवाळीनंतर, तोही तसाच आला तर वरच्या जबड्याचं ऑपरेशन करून फट बंद करायची, आणि परत झिजलं असेल तर टायटॅनियमचा सांधा बसवायचा विषय निघेल. तोवर दोऱ्यासाठी शिलाईच्या डब्यात छोटी कात्री ठेवलीय.