मार्गशीर्षातला गुरुवार, पहाटे साडेपाच

पुण्यात गुरुवारी वीज जाणार हे कुणाला मुद्दाम सांगावे लागत नाही. दुरुस्तीच्या कामांना हाच वार का लाभला, याचे कारण आम्हाला कधी कुणी दिलेले नाही, आणि आम्हीही ते विचारणे सोडून दिले आहे. आमच्या कर्वेनगरच्या घरी त्या गुरुवारी सकाळी दहाला गेलेली वीज दुपारी चारला परतली. पंखे फिरू लागले, फ्रीज गुरगुरला आणि घरातली सगळी घड्याळे आपापल्या परीने जागी झाली. मायक्रोवेव्ह बारा शून्य शून्यची उघडझाप करू लागला. कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप, जो आता केवळ प्रिंटरच्या सोबतीसाठी ठेवलेला आहे, सुरू होताच त्याने १ जानेवारी २००९ ही तारीख दाखवली. इंटरनेट चालेना म्हणून राउटरच्या सेटिंगचे पान उघडून पाहिले, तर तिथल्या नोंदींमध्ये ठळकपणे लिहिलेले होते : १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच वाजून एकेचाळीस सेकंद. स्वयंपाकघरातले भिंतीवरचे घड्याळ तेवढे सेलवर चालणारे असल्यामुळे विचलित झाले नव्हते. ते नेहमीप्रमाणे दहा मिनिटे पुढे होते, कारण आईने ते तसे लावलेले आहे.

एकाच छपराखाली चार वेगवेगळे काळ नांदत होते, आणि त्यातल्या त्यात विश्वासार्ह होते ते मुद्दाम चुकवलेले घड्याळ.

डेस्कटॉपवर ब्राउझर उघडला, तर एकही संकेतस्थळ दिसेना. तुमचे घड्याळ मागे आहे, एवढे मात्र त्याने नम्रपणे सांगितले. यात त्याची काही चूक नव्हती. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र पुढे करते, आणि त्या प्रमाणपत्रावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. २००९ सालात बसलेल्या संगणकाच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र अद्याप जन्मालाच आलेले नाही, मग तो त्यावर विश्वास ठेवणार कसा? दोष होता मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवरच्या, नाण्याएवढ्या सेलचा. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवणे हे त्या सेलचे मुख्य काम, आणि तो संपला की संगणक वीज गेल्यागेल्या सगळे विसरून मदरबोर्ड बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या तारखेपाशी जाऊन बसतो.

राउटरची गोष्ट निराळी आहे. घरगुती राउटरला बहुधा असा सेल नसतोच. जागा झाल्यावर इंटरनेटवरच्या एखाद्या घड्याळाला वेळ विचारायची आणि उत्तर येईपर्यंत शून्यापासून मोजत राहायचे, हा त्याचा शिरस्ता. त्याचे शून्य म्हणजे ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरू झालेला १ जानेवारी १९७०. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडे हे शून्य पहाटे साडेपाचला पडते. अमेरिकेत तेच शून्य ३१ डिसेंबर १९६९ च्या संध्याकाळी पडते, त्यामुळे तिथल्या बिचाऱ्या यंत्रांना जन्म आदल्या वर्षीच घ्यावा लागतो.

मी हे सारे मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. ती मटार सोलत होती. तिने फक्त त्या तारखेचा वार विचारला. मी फोनवर पाहिले आणि जरा चपापलो, कारण तो गुरुवार होता.

"जानेवारीची एक तारीख आणि गुरुवार," आई म्हणाली, "मग मार्गशीर्षातला असेल. बघ बरं."

पाहिले, तर खरोखरच होता. शके १८९१, मार्गशीर्ष महिना, वद्य पक्ष. जगभरातल्या संगणकांनी, फोनांनी आणि बँकांच्या यंत्रांनी ज्या क्षणाला आपले शून्य मानले आहे, त्या क्षणी महाराष्ट्रातल्या बायका महालक्ष्मीच्या व्रतासाठी कलश मांडण्याच्या तयारीत असणार. "मुहूर्त चांगला काढलाय," असे म्हणून आईने त्या विषयापुरते युनिक्सला, म्हणजे हे शून्य जिने रुजवले त्या संगणकप्रणालीला, पास करून टाकले.

वास्तविक मुहूर्त वगैरे कुणी काढलेला नव्हता. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली, तेव्हा सुरुवातीला वेळ मोजली जात होती ती १ जानेवारी १९७१ पासून, आणि तीही सेकंदाच्या साठाव्या भागांत. साठावा भाग घेण्याचे कारण त्यांच्या भिंतीतली वीज : अमेरिकेत ती सेकंदाला साठ आवर्तने करते, आपल्याकडे पन्नास. पण ही गणती साठवायला बत्तीस बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या बत्तीस घरांची, जागा होती, म्हणजे फार तर सव्वाचारशे कोटींच्या आसपासचा आकडा तीत मावणार. सेकंदाला साठ या वेगाने तो सव्वादोन वर्षांतच भरून जातो. घरात ज्वारीची कणगी लहान आणि माणसे खाणारी, तसा प्रकार. मग त्यांनी साठाव्या भागांऐवजी अख्खे सेकंद मोजायला घेतले आणि आरंभबिंदू मागे सरकवून १९७० वर आणला. अंक गोल आहे आणि सोयीचा आहे, याखेरीज त्यामागे काही थोर कारण नाही.

आकडा फार मोठा होऊ लागला की मोजण्याची सुरुवातच सोयीच्या जागी हलवायची, ही युक्ती मला अमेरिकन वाटत होती. ती निघाली कोकणातली. आपल्याकडे ग्रहांचे गणित करताना ज्योतिषी अहर्गण काढत, म्हणजे एका ठरावीक आरंभापासून आजपर्यंत किती दिवस लोटले ते मोजत. कलियुगाच्या आरंभापासून मोजले, तर सोळाव्या शतकात हा आकडा सोळा लाखांच्या पुढे गेला होता, आणि पाटीवर धूळ पसरून गणित करणाऱ्या माणसाला प्रत्येक ग्रहासाठी या सोळा लाखांना गुणत-भागत बसावे लागे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला आणि दोन गोष्टी केल्या. एक तर आरंभ आपल्याच काळात आणून ठेवला. दुसरे म्हणजे दिवसांचे ४०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, गठ्ठे बांधले आणि त्यांना चक्र म्हटले. चक्रे किती झाली ते एकीकडे लिहायचे, उरलेले दिवस दुसरीकडे. उरलेला आकडा ४०१६ च्या वर कधी जातच नाही. शिवाय ज्या-चापाची, म्हणजे ज्याला शाळेत आपण साइन-कोसाइन म्हणून घाबरत होतो त्याची, कटकटही त्यांनी काढून टाकली. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगे याच ग्रंथावर चालली. संगणकशास्त्राच्या वर्गात कमी जागेत आकडा बसवण्याचे धडे शिकवले जातात, तिथे या गृहस्थांची एक तसबीर लावायला हरकत नसावी.

पंचांगाच्या मंडळींना मोजणी भरून उलटण्याची सवय मुळातच होती म्हणा. संवत्सरांची नावे साठच, प्रभवापासून क्षयापर्यंत. ती संपली की पुन्हा प्रभव. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याच्या काटकसरीमुळे २००० साल उजाडताना जगभर जो घोळ उभा राहिला, तो निस्तरायला पुण्यातल्याही कितीतरी पोरांनी रात्री जागवल्या. तसाच घोळ साठ नावांत होऊ शकतो, म्हणून आपले गुरुजी संकल्प सोडताना नुसते संवत्सराचे नाव सांगून थांबत नाहीत. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग, त्याचे प्रथम चरण, मग दंडकारण्य देश, गोदावरीचा दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार अशी मोठ्याकडून लहानाकडे येणारी, स्थळासकट संपूर्ण नोंद ते एका दमात करतात. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा तारखेचा आंतरराष्ट्रीय क्रम संगणकवाल्यांनी आग्रहाने रुजवला, त्याचे कौतुक मला सत्यनारायणाला बसल्यापासून उरलेले नाही.

तर, सेल. तो आणायला मी शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या दुकानदाराने माझे मदरबोर्डवरचे व्याख्यान निम्म्यावर तोडले. "बटण सेल पाहिजे असं म्हणा ना," असे म्हणून त्याने बरणीतून एक चकती काढून काउंटरवर वाजवली. सोबत त्याने दाखवले ते मात्र पाहण्यासारखे होते. दुरुस्तीला आलेल्या एका मनगटी घड्याळाचे झाकण उघडून त्याने चिमट्याच्या टोकाने तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी चंदेरी नळी दाखवली. त्या नळीत क्वार्ट्झचा दोन पायांचा चिमुकला चिमटा असतो. विजेचा स्पर्श झाला की तो सेकंदाला ३२७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा विचित्र का, तर तो निमकीचा आहे : त्याचे निम्मे करा, त्याचे पुन्हा निम्मे करा, असे पंधरा वेळा केले की बरोबर एक उरतो, आणि तो एक म्हणजे काट्याची एक टिक. निम्मे करणे हे इलेक्ट्रॉनिक मंडलाला सर्वांत सोपे काम आहे. याच्या निम्म्या वेगाचा स्फटिक घेतला असता तर त्याची शिट्टी तरुण कानांना ऐकू येण्याच्या टप्प्यात आली असती. फार जास्त वेगाचा घेतला तर सेल लवकर संपला असता. आईचे भिंतीवरचे घड्याळ, माझा डेस्कटॉप आणि त्या काउंटरवरचे मनगटी घड्याळ, तिघेही याच पंधरा पायऱ्या उतरून सेकंदापाशी येतात. दिवसाला एखाद-दुसरा सेकंद इकडेतिकडे होतो, कारण थंडी-उन्हाने स्फटिकाची लय किंचित बदलते. म्हणून तर राउटर आणि संगणक अधूनमधून शहाण्या घड्याळांना वेळ विचारत असतात. आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अणुघड्याळे सांभाळतात. त्यांचा सेकंद म्हणजे सीझियम अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने. तिथे निमकी चालत नाही.

सेल घरी आणून बसवला. बसवण्यापूर्वी आईने तो चष्मा लावून न्याहाळला आणि म्हणाली, "अरे वा, २०३२ पर्यंत चालणार की."

सेलवर खरोखरच सीआर २०३२ असे कोरलेले होते. मी समजावले की अगं, ती मुदत नाही, ते माप आहे. वीस मिलिमीटर व्यास आणि तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर जाडी. आईने मान डोलावली, पण ती पटल्याची मान नव्हती, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळते.

आणि खरी मुदत सांगायची, तर ती युनिक्सच्या सेकंदांच्या गणतीला आहे, आणि ती २०३८ ची आहे. त्या बत्तीस बिटांतला एक बिट धन-ऋण चिन्हासाठी राखून ठेवला, तर आकड्यासाठी एकतीसच उरतात, आणि त्यांत मावणारा सर्वांत मोठा सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या वेळेनुसार सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे आणि सात सेकंदांनी येतो. स्कूटरचा किलोमीटरचा काटा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर शून्यावर येतो, तसे झाले असते तर फार बिघडले नसते. इथे चिन्हाचा बिट उलटतो आणि यंत्र एकदम ऋण आकड्यात, म्हणजे १४ डिसेंबर १९०१ च्या पहाटे सव्वादोनला जाऊन पडते. त्यातली गंमत अशी की साडेपाच तासांची ही भारतीय प्रमाणवेळ लागू झाली १९०६ मध्ये, त्यामुळे ते यंत्र ज्या पहाटेची वेळ सांगेल, त्या पहाटे ही वेळच कुठे अस्तित्वात नव्हती. मुंबईने तर आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. पुण्याचा स्वतःचा सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारे पस्तीस मिनिटे मागेच असतो, कारण प्रमाणवेळेचे रेखावृत्त तिकडे मिर्झापूरवरून जाते. त्यामुळे दुपारी एकला दुकानाचे शटर ओढणाऱ्या माणसाने सूर्य माथ्यावरून ढळल्याबरोबर विश्रांती घेतली, असेच म्हणायला हवे.

नव्या संगणकांत याची काळजी नाही. त्यांनी सेकंदांसाठी चौसष्ट बिटांची कोठी बांधली आहे. ती भरायला सुमारे २९२ अब्ज वर्षे लागतात. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. ब्रह्मदेवाचे सदुसष्ट दिवस उलटून गेले तरी ही कोठी पुरती भरलेली नसेल. काळजी आहे ती भिंतीत बसवलेल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या जुन्या यंत्रांची : लिफ्ट, पंप, मीटर आणि आमच्या राउटरसारखी, ज्यांच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

डेस्कटॉपची तारीख लावली, प्रमाणपत्रांची मर्जी बसली, संकेतस्थळे उघडू लागली. मग पुन्हा राउटरच्या नोंदी पाहिल्या. गुरुवारच्या नोंदींत एकाखाली एक दोन ओळी होत्या. वरची १९७० च्या पहाटेची, खालची त्या दुपारची. मधल्या पाच दशकांहून अधिक काळाची राउटरने काहीही नोंद केलेली नव्हती.

तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातली दिनदर्शिका खिळ्यावरून उतरवली. तिच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याच्या तारखा आणि बाईंच्या सुट्ट्या यांची अनेक वर्षे अखंड नोंद होत आलेली आहे. शनिवारच्या चौकोनात तिने बारीक अक्षरात लिहिले : कॉम्प्युटरला सेल घातला, २०३२ पर्यंत.