४०० वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर: ट्रान्सफॉर्मर दोनदा गुंडाळावा लागला

कसबा पेठेत मामांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा व्यवसाय होता. त्यांचे जुने व्हॉल्व्ह (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचे) अॅम्प्लिफायर उघडून बघतच मी मोठा झालो. असा एक दणदणीत अॅम्प्लिफायर स्वतः डिझाइन करायचा हे तेव्हापासून मनात होतं. गेल्या वर्षी हात घातला.

केटी८८ या पॉवर व्हॉल्व्हची एक जोडी पुश-पुल अल्ट्रालिनियर जोडणीत (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढतात, स्क्रीन ग्रिड ट्रान्सफॉर्मरच्या टॅपला जोडलेल्या) ५६० व्होल्टवर १०० वॅट देते. त्यासाठी एका व्हॉल्व्हच्या अॅनोडपासून दुसऱ्याच्या अॅनोडपर्यंत ४.५ किलोओहमचा भार लागतो. मी चार जोड्या समांतर घेतल्या. म्हणजे ४०० वॅट, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) ४.५ किलोओहमच्या चौथा हिस्सा, साधारण ११०० ओहम. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आठ हीटरनाच ६.३ व्होल्टवर जवळपास १३ अँपिअर. कागदावर हे दोन संध्याकाळींत झालं.

खरी परीक्षा आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. पूर्ण पॉवरला प्रायमरीवर ६६० व्होल्टच्या आसपास येतात, आणि ते ३० हर्ट्झलाही कोर सॅच्युरेट न होता (लोखंडाची चुंबकीय क्षमता न संपता) पेलायचे. ३५ चौरस सेंटीमीटर कोर धरून प्रायमरीचे १२०० टर्न (वेढे) आले. ८ ओहमच्या स्पीकरसाठी सेकंडरी १०२.

भोसरीतल्या वाइंडिंगवाल्या काकांनी आकडे बघितले. "ऑडिओचा कधी केला नाही. पण तार आणि टर्न सांगा, करून देतो," म्हणाले. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने आधी पूर्ण प्रायमरी, तिच्यावर सेकंडरी असं गुंडाळलं. चूक माझीच, मी थरांचं चित्र दिलंच नव्हतं.

निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत देणं) न जोडता आवाज छान होता. फीडबॅक जोडला आणि स्पीकर गप्प असतानाच स्क्रीन ग्रिड लाल झाल्या. ऑसिलोस्कोपवर ६० किलोहर्ट्झचं, कानाला न ऐकू येणारं ऑसिलेशन! प्रायमरी-सेकंडरी एकमेकींपासून लांब राहिल्या की लीकेज इंडक्टन्स (दोघींना न जोडणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम) वाढतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला फेज सरकते, आणि निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होऊन बसतो. आठ महागडे व्हॉल्व्ह डोळ्यांदेखत जळायला निघाले होते. मेन स्विचवर हात कसा गेला, आठवत नाही.

दुसऱ्या वेळी मी काकांच्या शेजारी बसलो. प्रायमरीचे ३०० टर्नचे चार भाग, त्यांच्या मधे सेकंडरीचे तीन, तेही प्रत्येकी पूर्ण १०२ टर्नचे आणि समांतर जोडलेले. प्रत्येक दोन थरांमध्ये मिलिनेक्सची (इन्सुलेशनच्या प्लॅस्टिक फिल्मची) पट्टी. पूर्ण दिवस गेला. काकांनी एकही टर्न घाईने टाकला नाही, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ड्रायव्हरही (पॉवर व्हॉल्व्हना सिग्नल देणारा टप्पा) बदलला. प्रत्येक व्हॉल्व्हचं बायस (विश्रांतीचा करंट ठरवणारं ग्रिडचं व्होल्टेज) वेगळं ठेवायचं, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र १०० किलोओहमचा ग्रिड लीक रेझिस्टर. एका बाजूला चार, म्हणजे २५ किलोओहमचा भार. १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हला तो ओढवत नाही, तिथे कॅथोड फॉलोअर (जड भार चालवू शकणारी जोडणी) टाकला. सिग्नल नसताना दर व्हॉल्व्हला ४० मिलिअँपिअर, कॅथोडच्या १० ओहमवर ०.४ व्होल्ट मोजून.

एक सांगतो, या व्होल्टेजला फिल्टर कॅपॅसिटर बंद केल्यावरही जीवघेणे असतात. ब्लीडर (कॅपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) लावाच. त्यावर विश्वास न ठेवता मीटरने मोजा, मगच आत हात घाला. मामा कायम एक हात पाठीमागे ठेवूनच काम करायचे.

पूर्ण पॉवरच्या चाचणीला स्पीकर नको होता. तपकीर गल्लीतून २००० वॅटच्या तीन गिझर कॉइल आणल्या. समांतर जोडल्या की ८.८ ओहम होतात. पाण्याच्या बादलीत सोडल्या. मामांना मुद्दाम बोलावलं. डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवलं, सिग्नल वाढवला. साइन वेव्हचं टोक चपटं व्हायच्या बेतात आलं तेव्हा मीटरवर ५७ व्होल्ट होते, म्हणजे ३७० वॅटच्या आसपास. फीडबॅक जोडलेला होता, स्क्रीन ग्रिड काळ्याच होत्या.

मामा खुर्ची ओढून व्हॉल्व्हसमोर बसले. "आता ३० हर्ट्झ लाव," म्हणाले.