जुन्या पोकलेनचा पावसाळा

मे महिना संपत आला की आमच्या उसगावच्या भंगारअड्ड्यात इतर सगळी कामे बाजूला सारून एक काम आधी करावे लागते. उभ्या असलेल्या प्रत्येक पोकलेनचा हात पुढे लांबवून जमिनीवर निजवायचा. बूम (यंत्राला जोडलेला मोठा हात) खाली, दांडा (त्यापुढचा, बकेट धरणारा हात) पूर्ण पुढे आणि बकेट उघडी, अशा अवस्थेत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरांचे क्रोमचे रॉड जवळजवळ पूर्ण आत जातात, आणि जेवढे बाहेर राहतात तेवढ्यांना ग्रीसचा जाड थर देता येतो. जागा पुष्कळ अडते हे खरे, परंतु गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाऱ्या हवेत उघडा राहिलेला रॉड शाबूत राहत नाही.

हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वर्षी घाईत एक यंत्र दांडा आत घेतलेल्या स्थितीतच उभे राहिले. चवथीनंतर सुरू केले तेव्हा रॉडवर सुईच्या अग्राएवढे गंजाचे खड्डे दिसले आणि मी ते किरकोळ समजलो. पुढच्या दोन महिन्यांत तीन वेळा तेल अडवणारे सील बदलले, कारण तेच खड्डे प्रत्येक फेरीत नव्या सीलची कड कापत होते. अखेर रॉड उतरवून चोर्ला घाटातून बेळगावला पाठवावा लागला आणि तेथे ग्राइंडिंग करून त्यावर नव्याने क्रोम चढवून घेतले. बाबा तेव्हा एवढेच म्हणाले, "तेल गळते तिथे तेलाकडे नाही, लोखंडाकडे बघायचं."

पोकलेन हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव. तिच्या सहकार्याने एल अँड टीने भारतात बनवलेली यंत्रे इतकी रुळली की आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला पोकलेनच म्हणतात. आमच्याकडे आज जी तीन चालू आहेत, ती सर्व खाणींवरून आलेली टाटा हिताचीची ईएक्स २०० आहेत. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले, पुढे मर्यादेसह काही काळ सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज (खाणपट्टे) रद्द केल्यानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. त्या वर्षांत डिचोली, सत्तरी आणि सांगे भागांतून यंत्रे आमच्या दारात येऊ लागली. कर्ज काढून घेतलेले यंत्र वजनावर विकायला आलेला माणूस काट्याकडे पाहत नाही, दुसरीकडे पाहतो. ते दिवस आमच्या धंद्याला बरकतीचे होते, पण घरात कोणालाही त्यांचा आनंद झाल्याचे मला आठवत नाही.

त्या वेळी बाबांनी एक नियम घालून दिला, आणि आमची जुनी यंत्रे आज चालतात ती त्या नियमामुळे. गॅस कटर लावण्यापूर्वी मुख्य पंप, स्विंग मोटर (वरचा भाग फिरवणारी), फायनल ड्राइव्ह (चालण्याची चेन फिरवणारा), रोलर (चेनवरून फिरणारी छोटी चाके), आयडलर (चेनचे पुढचे चाक) आणि धड असलेल्या सर्व पिना उतरवून घ्यायच्या, तोंडे बंद करायची आणि तेल लावून छपराखाली ठेवायच्या. एकाच मॉडेलची चार यंत्रे मोडल्यावर पाचवे चालवता येते. बूमच्या सांध्यातील बुश (पिनेभोवतीची धातूची नळी) मात्र जुना वापरू नये, कारण तो लंबगोल झिजलेला असतो. तो लेथवर नवाच करून घ्यावा, आणि भोकही झिजले असेल तर वेल्डिंगने भरून लाइन बोरिंग करावे, म्हणजे भोके एका रेषेत पुन्हा कोरून घ्यावीत. हे काम टाळले तर नवी पिनही लवकरच खडखडू लागते.

आपल्या तांबड्या मातीचा त्रास वेगळाच. चेनमध्ये अडकलेला चिखल संध्याकाळी धुतला नाही तर वाळून चिऱ्यासारखा घट्ट होतो, रोलर फिरायचा थांबतो आणि चेन त्याच्यावरून घासत राहते. चेनचा ताण आयडलरमागच्या सिलिंडरात ग्रीस भरून ठेवतात. चिखलाच्या दिवसांत तो किंचित सैल असावा, कारण साचलेली मातीच चेन ताणून धरते.

नव्या मुलांना मी सर्वांत आधी होजबद्दल, म्हणजे दाबाचे तेल नेणाऱ्या रबरी नळीबद्दल सांगतो. या यंत्रांत तेलाचा दाब ३०० बारच्या वर जातो, आणि होजला पडलेल्या बारीक छिद्रातून येणारी धार डोळ्यांना दिसत नसली तरी कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रिया करण्याजोगी असते. म्हणून गळती हाताने शोधायची नाही, पुठ्ठा धरून शोधायची, आणि होज सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लीव्हर हलवून दाब मोकळा करायचा.

क्रेनच्या बाबतीत मी याहून कठोर आहे. आमची जाळीदार बूमची जुनी टाटा पी अँड एच अजून उत्तम उचलते, पण पावसाळी सकाळी तिच्या ब्रेकच्या लायनरवर (घर्षणाच्या पट्टीवर) दमटपणा असतो. त्यामुळे पहिला भार जमिनीपासून वीतभर उचलून धरायचा, तो खाली सरकत नाही हे पाहायचे आणि मगच काम सुरू करायचे. वायररोप साफ करून, तुटलेल्या तारा मोजून आणि व्हर्नियरने जाडी घेऊन वहीत नोंद होते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ मध्ये उचलण्याच्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून निदान १२ महिन्यांतून एकदा सखोल तपासणी सांगितली होती. आमच्याकडे ती दसऱ्याच्या आधी होते. मोडीतून आलेला वायररोप किंवा हूक कितीही चांगला दिसला तरी आम्ही तो क्रेनला लावत नाही. त्याने आधी काय सोसले आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. असे हूक कापूनच वजनाला टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही क्रेनवर ते चढणार नाहीत.

या वर्षी दोन पोकलेन निजवून झाल्या आहेत. तिसरीच्या बकेट सिलिंडरचा सील आधी बदलायचा आहे, आणि आकाश पाहता त्यासाठी आठवडाभराचाच वेळ हाती आहे.